घरच्या कॉम्प्युटरचा ऑनलाइन बॅकअप : ठेवलेलं परत मिळालंय का कोणाला?

कृष्णाकाठची

मी सांगलीला गावभागात राहते. बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. कॉम्प्युटर कामापुरता येतो, म्हणजे एक्सेल येतं, मेल येते आणि अडलं की बंद करून परत चालू करता येतं.

माझे वडील नारदीय कीर्तन करायचे. मिरज, औदुंबर, नरसोबाची वाडी, कुरुंदवाड, जिथून बोलावणं येईल तिथे. १९८३ पासून बरोबर एक टेपरेकॉर्डर असायचा आणि तो सांभाळायचं काम माझ्याकडे. पूर्वरंग संपला, बुवांना हार-बुक्का झाला की तेवढ्या वेळात कॅसेटची बाजू उलटायची. अशा नव्वद मिनिटांच्या २१२ कॅसेटी. २०१४ ते २०१६ मध्ये मिरजेच्या भाच्याने त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या. एमपीथ्री करू नको मामी, आवाज मरतो म्हणाला, म्हणून वेव्ह फायली आहेत. त्यांचेच १९० जीबी. घरचे फोटो आणि कागदपत्रं १५०. एकूण ३४० धरा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. सीपीयू मी स्वतः डोक्यावर घेऊन माडीवर नेला. कॅसेटींची पत्र्याची ट्रंक आधीपासूनच माळ्यावर होती. या सगळ्याची दुसरी कॉपी असलेली हार्ड डिस्क मात्र खालच्या गोदरेजच्या कपाटात, लॉकरमध्ये, दागिन्यांशेजारी. मौल्यवान म्हणून! पाणी ओसरल्यावर कपाट फोडून घेतलं. दागिने धुऊन परत घातले. डिस्कमधून गाळ निघाला.

त्यानंतर इतकी वर्षं एकाच कॉपीवर काढली, हा माझा आळस. गेल्या महिन्यात कॉम्प्युटरमधली डिस्क टकटक करायला लागली तेव्हा जाग आली. ती बदलून घेतली, एक कॉपी लेकीबरोबर पुण्याला पाठवली. पण ती डिस्क आता पुढच्या दिवाळीलाच परत येणार. म्हणून ऑनलाइन बॅकअप घ्यायचा विचार आहे.

जाहिराती भरपूर वाचल्या. डेटा आत कसा जातो हे सगळे रंगवून सांगतात. मी ३४ वर्षं बँकेत काढली आहेत, ठेव घेताना सगळेच गोड बोलतात. तर कोणी डेटा खरोखर परत मागितला आहे का, आणि तो आला का? ३४० जीबी जायला किती दिवस लागतात? आणि परदेशी कंपनीला कार्ड द्यावं लागतं, त्याचं काय करता?

अर्धा कप

ताई, एवढं कशाला? गूगलचं २ टीबी घ्या, महिन्याला ६५० रुपये. ड्राइव्हचं सॉफ्टवेअर टाका, फोल्डर दाखवा, विषय संपला. मी पाच वर्षं हेच करतोय.

टंकनिका

अर्धा कप, तुमचं चाललंय कारण तुमच्याकडे अजून काही घडलेलं नाही. ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स हे सिंक आहे. इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते. ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, मग जाते. ताईंनी चुकून १९८६ चं फोल्डर उडवलं आणि दोन महिन्यांनी लक्षात आलं, तर काय करणार?

ताई, मी परत मागितलंय आणि मिळालंय. बरंचसं.

पुण्यात नारायण पेठेत माझं घरीच डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं जुळवायचं काम. डिसेंबर २०२०. करोनामुळे काम कमी आणि हात रिकामे. एका सॉफ्टवेअरची 'क्रॅक', म्हणजे पैसे न देता वापरायची चोरटी आवृत्ती, उतरवली. हो, मीच. वीस वर्षं या धंद्यात असून. संध्याकाळी पाहते तर प्रत्येक फायलीच्या नावामागे चार अनोळखी अक्षरं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची चिठ्ठी : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर ४९०. स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात त्या रॅन्समवेअरला. घरगुती वापरणाऱ्यांच्या मागे लागणारा हाच, आणि तो बहुतेक अशा क्रॅकमधूनच येतो.

ऑनलाइन बॅकअप तेव्हा दोन वर्षं चालू होता. आधी हायसं वाटलं, मग साइटवर जाऊन पाहिलं तर बॅकअपने इमानेइतबारे त्या बिघडलेल्या फायलीसुद्धा वर चढवायला घेतल्या होत्या. त्याच्या दृष्टीने फाइल बदलली, नवी घ्यायची, एवढंच. वाचले कशामुळे, तर जुन्या आवृत्त्या ३० दिवस ठेवल्या जात होत्या. तारीख मागे नेऊन 'आदल्या दिवशी जसं होतं तसं' मागता आलं. मला त्याच दिवशी कळलं म्हणून. कोणी दीड महिना गावी गेलं असतं तर? आता अनेक कंपन्या वर्षभर ठेवतात, पण घेण्याआधी हे विचाराच.

१६० जीबी उतरवायला तीन दिवस लागले. झिप फायलींचे तुकडे करून मागवले, कारण एक मोठी झिप मध्येच तुटली की पहिल्यापासून. आता न मिळालेल्याचं सांगते.

एक, माझा ई ड्राइव्ह आलाच नाही. आपल्याकडे दुकानदार कॉम्प्युटर देताना सी, डी, ई असे कप्पे पाडून देतो आणि आपण काम सीमध्ये ठेवत नाही, "फॉरमॅट मारला तर जाईल" म्हणून. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ड्राइव्हसमोर वेगळी खूण करायची होती. डीसमोर केली होती. ईवर मी नंतर काम हलवलं. दोन दिवाळी अंकांची पूर्ण मांडणी त्यात गेली. कंपनीची चूक नाही, माझीच.

दुसरं मात्र कोणाच्या डोक्यात येत नाही. फॉन्ट. ही सॉफ्टवेअरं विंडोजचं फोल्डर बॅकअपमध्ये धरत नाहीत. त्यांचं बरोबर आहे, विंडोज परत टाकता येतं. पण फॉन्ट त्याच फोल्डरमध्ये राहतात! माझ्या पेजमेकरच्या फायली सगळ्या सुखरूप आल्या, उघडल्या आणि पानभर इंग्रजी अक्षरांचा, चिन्हांचा चिवडा. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट असेच, फॉन्ट नसला की मजकूर वाचताच येत नाही. जुनी सीडी एका ग्राहकाकडे सापडली म्हणून निभावलं. तेव्हापासून फॉन्टची कॉपी डीवर, वेगळ्या फोल्डरमध्ये.

ताईंना फॉन्टची भानगड नाही, पण वडिलांची आख्यानं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर बघून घ्या.

अर्धा कप

बरं. कचरापेटीचं ३० दिवसांचं मला माहीत नव्हतं. बघतो.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत. इकडे हे प्रकरण २००५-०६ पासून आहे, त्यामुळे कंपन्या येताना आणि जाताना दोन्ही पाहिल्या.

मोझीने 'अमर्याद' देऊन २०११ मध्ये ते काढून घेतलं. मायक्रोसॉफ्टने वनड्राइव्हचं अमर्याद २०१५ मध्ये मागे घेतलं. क्रॅशप्लॅनने २०१७ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं की घरगुती सेवा बंद, ऑक्टोबर २०१८ ला कुलूप. त्यांची एक सोय फार छान होती, भावाच्या किंवा मित्राच्या कॉम्प्युटरवर आपला बॅकअप फुकट ठेवता यायचा. तीही गेली. कार्बोनाइटने मोझी घेतली, पुढे कार्बोनाइटलाच ओपनटेक्स्टने घेतलं. ॲमेझॉन ड्राइव्ह २०२३ च्या शेवटी बंद. गूगल फोटोजचं फुकट अमर्याद १ जून २०२१ ला संपलं, ते सगळ्यांनाच आठवत असेल.

मी स्वतः ज्या सेवेत होतो तिने सहा महिन्यांची नोटीस दिली. लोक ओरडले, मला वाटतं सहा महिने पुरेसे होते. त्रास वेगळाच झाला. नव्या कंपनीकडे पहिल्यापासून सगळं चढवायचं, आणि जुन्या आवृत्त्या बरोबर नेता येत नाहीत. चार वर्षांचा इतिहास तिथेच सोडला.

बॅकब्लेझचं नाव इथे येणारच. २००७ ची कंपनी, महिना ५ डॉलरने सुरुवात होती, मग ६, मग ७, २०२३ मध्ये ९ किंवा वर्षाचे ९९. एका कॉम्प्युटरचं सगळं, जागेचा हिशेब नाही. माझ्या शेजाऱ्याने त्यांच्याकडून पूर्ण डिस्क कुरियरने मागवली होती. पैसे घेतात, ३० दिवसांत डिस्क परत केली की परत देतात. भारतात ती मागवताना कस्टम्सचं काय होतं ते इथल्या कोणी सांगावं, मी त्या वाटेला गेलेलो नाही.

जमाखर्च

कार्डाबद्दल. नाशिकला अकाउंट्सची कामं करतो. घरच्या मशीनवर टॅली आणि २२ पक्षकारांचा डेटा.

१ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आला, कार्डावरून दर महिन्याला किंवा वर्षाला आपोआप पैसे कापायचे तर आधी ग्राहकाची नोंदणीकृत संमती हवी. दर वेळी ओटीपी न मागता कापायची मर्यादा तेव्हा ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० केली. नियम चांगलाच आहे. पण बऱ्याच परदेशी कंपन्यांची त्या वेळी तयारी नव्हती, आणि लोकांचे हप्ते मुकाट्याने नाकारले जाऊ लागले.

माझा वार्षिक हप्ता नेमका त्या नोव्हेंबरात. नाकारला गेला. कंपनीचे मेल आले ते 'प्रमोशन्स'मध्ये पडले, दिवाळीच्या सेलच्या शंभर मेलमध्ये. स्क्रीनच्या खाली कोपऱ्यातलं बॅकअपचं चिन्ह हिरव्याचं राखाडी झालं होतं, ते कोण बघतं! जानेवारीत लक्षात आलं तेव्हा खात्यासकट डेटा काढून टाकलेला. सुदैवाने इथली डिस्क धड होती, नुकसान शून्य. पण मी अडीच महिने बॅकअप आहे या समजुतीत झोपत होतो.

आता दोन वर्षांचे पैसे एकदम, हाताने, ओटीपी टाकून भरतो. संपायच्या महिनाभर आधीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर, एलआयसीच्या हप्त्याशेजारी. हो, आणि जाहिरातीतल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी लागतो, वर बँक डॉलरच्या रूपांतराचं घेते ते वेगळं.

टॅलीवाल्यांसाठी : डेटाचं फोल्डर बॅकअपमध्ये आहे का ते नीट बघा. नुसतं 'डॉक्युमेंट्स' निवडलंत तर टॅली त्यात नसते.

खटपट्या

किती दिवस, याचा हिशेब सोपा आहे. प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे हे ऐकून फसू नका, अपलोडचा वेग वेगळा तपासा. अपलोड ३० असेल तर ३४० जीबीला कागदावर २५ तास. प्रत्यक्षात सर्व्हर सातासमुद्रापार, त्यामुळे दुप्पट-तिप्पट धरा. जुन्या टेलिफोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडला अपलोड अर्धा एमबीपीएस मिळायचा, त्या हिशेबाने हेच काम ६३ दिवसांचं होतं. म्हणून आपल्याकडे हे उशिरा रुजलं. फायबरच्या 'अमर्याद' प्लॅनला बहुतेक ठिकाणी महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते, त्यात अपलोडही धरतात. तुम्हाला अडचण नाही.

कुलपाबद्दल. बहुतेक ठिकाणी 'स्वतःची किल्ली' ठेवायची सोय असते. ती ठेवलीत तर कंपनीला तुमच्या फायली उघडता येत नाहीत, पण किल्ली विसरलात तर तुम्हालाही नाही. तिथे 'फरगॉट पासवर्ड' चालत नाही. काही ठिकाणी रिस्टोर करताना ती किल्ली त्यांच्याच साइटवर टाकावी लागते, म्हणजे तेवढ्यापुरतं कुलूप त्यांच्या हातात. कीर्तनाला मी स्वतःची किल्ली लावणार नाही. पॅन, आधार, मृत्युपत्र असलेल्या फोल्डरला लावीन.

आणखी एक, हे आपल्यासारख्या देवनागरीवाल्यांना जास्त भेडसावतं. फायलींची नावं देवनागरीत आहेत का? विंडोजमध्ये फोल्डरच्या पूर्ण पत्त्यासकट नाव साधारण २६० अक्षरांच्या आत लागतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, अगदी हलन्तसुद्धा वेगळं अक्षर धरलं जातं. 'कीर्तन' आपल्याला तीन अक्षरं दिसतात, कॉम्प्युटर सहा मोजतो. चढवताना काही होत नाही. परत आणून झिप उघडताना तिचा पत्ता 'डाउनलोड्स'च्या आत, झिपच्या नावाच्या आत असा लांबतो आणि अर्ध्या फायली 'नाव फार मोठं आहे' म्हणून बाहेर येत नाहीत. उपाय : झिप थेट डीच्या मुळाशी, 'अ' नावाच्या फोल्डरमध्ये उघडा.

स्वतः खटपट करायची हौस असेल तर डुप्लिकाटी किंवा कोपिया ही फुकट सॉफ्टवेअरं आहेत, ती आणि भाड्याची जागा. बॅकब्लेझ बी२ने २०२३ मध्ये टेराबाइटला महिना ६ डॉलर लावले, त्या हिशेबाने तुमच्या ३४० जीबीला दोन डॉलर होतात. पण ताई, हे तुम्हाला सुचवत नाही. बिघडलं तर भाच्याला मिरजेहून बोलवावं लागेल.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. भाचा आता मिरजेत नाही, बंगळूरला आहे, त्यामुळे हौस रद्द. कस्टम्सचं ऐकून डिस्क मागवायचं पण रद्द.

एक घेतलंय. नाव लिहीत नाही, अजून महिना झाला नाही. पैसे वर्षाचे एकदम भरले. कार्ड दोनदा नाकारलं गेलं. आमच्याच बँकेत फोन केला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद आहेत, ॲपमधून चालू करा." ते बटण ग्राहकांना शोधून द्यायचं काम मी शेवटची दोन वर्षं केलंय.

अपलोडला नऊ रात्री लागल्या. दिवसा चालू ठेवलं की यांच्या मॅचला चक्र फिरायचं, म्हणून रात्री ११ ते सकाळी ६ ची वेळ लावून दिली. तिसऱ्या रात्री वीज गेली, इन्व्हर्टर संपला. सकाळी पाहिलं तर जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे चालू झालं. ते आवडलं. डी, ई दोन्हींसमोर खूण आहे. टंकनिका, तुमच्यामुळे, नाहीतर फोटो राहिले असते, ते ईवर होते.

परत मागून पाहते, मग लिहिते.

टंकनिका

ताई, तुमच्याच मशीनवर नका मागवू. दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपवर मागवा, म्हणजे तुमचं मशीन गेल्यावर जसं करावं लागेल तसंच होईल. पासवर्ड, ओटीपी सगळं.

कृष्णाकाठची

तसंच केलं. गेल्या शनिवार-रविवारी पुण्याला गेले होते. पहिल्या फटक्यात अडकले. खात्याला जोडलेला फोन सांगलीला, चार्जिंगला लावलेला. यांना फोन करून कोड वाचून घेतला. त्यांनी दोनदा चुकीचा वाचला. पूर आला असता तर तो फोन कुठे असता कोण जाणे! आता लेकीचा नंबरही जोडलाय, आणि आपत्कालीन कोड छापून एक कागद तिच्याकडे, एक माझ्या पासबुकात.

१९८६ आणि ८७ ची दोन फोल्डरं मागवली. २३ फायली. तासाभरात झिप तयार झाल्याचा मेल आला, उतरायला त्याहून थोडं जास्त. खटपट्या, तुमचं 'अ' फोल्डर कामाला आलं. आधी 'डाउनलोड्स'मध्ये उघडून पाहिलं होतं, "मिरज_काशीविश्वेश्वर_रामदासनवमी_पूर्वरंग_उत्तररंग" असल्या नावाच्या सहा फायली बाहेर यायलाच तयार नव्हत्या. डीच्या मुळाशी सगळ्या आल्या.

मग लेक आणि मी एकेक लावून बघत बसलो. नातीने पणजोबांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. तिला झांजेचा कंटाळा आला, ते असो.

फायलींच्या आकारावरून नजर फिरवत होते, जुनी सवय, बेरीज जुळते का बघायची. सगळ्या ९०० एमबीच्या आसपास. एकच ४५४. तुकाराम बीज, १९८७, नरसोबाची वाडी. वाटलं, झालं, अर्धी फाइल वाटेत सांडली. कंपनीला मेल लिहायला घेतला होता. मग सांगलीला यांना फोन केला, तिथल्या मूळ फायलीचा आकार बघायला सांगितलं. तिथेही ४५४. पुण्यातल्या डिस्कवरही ४५४. पूर्वरंग संपतो, "विठ्ठल विठ्ठल" सुरू होतं, खट्ट आवाज येतो, संपलं. भाच्याने दुसरी बाजू उतरवलीच नव्हती, किंवा विसरला, आणि दहा वर्षं कोणी शेवटपर्यंत ऐकली नाही. मीसुद्धा.

काल माळ्यावरची ट्रंक काढली. कॅसेट आहे. थोडी बुरशी आहे कडेला, पण फीत आख्खी आहे. भाच्याचा डेक केव्हाच भंगारात गेला. सांगली, मिरज, कुपवाड परिसरात कोणाकडे चालू स्थितीतला कॅसेट डेक आहे का? बेल्ट नवा लागला तर मी घालून देईन. व्यक्तिगत निरोप टाका.